मला दिसलं होतं

पुण्याहून आत्याचा दर रविवारी फोन येतो, आणि ऑगस्ट ते नोव्हेंबर तिचा एक प्रश्न ठरलेला असतो. "काय रे, पोराचा तो डोकी फोडायचा खेळ संपला का?" यंदा म्हटलं, संपला गं, हरले. त्यावर आधी ती "सुटलो" म्हणाली आणि मग जरा थांबून, "फार वाईट वाटलं का रे त्याला?" असंही म्हणाली. त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला फोनवर धड देता आलं नाही. म्हणून हा लेख. (आत्या, लांबलाय. अक्षरं मोठी करून घे आणि चहा घेऊन बस.)

खरं सांगायचं तर इथे ओहायोत आल्यावर पहिली कित्येक वर्षं मीही अमेरिकन फुटबॉलला नावंच ठेवत होतो. पायाने न खेळायचा फुटबॉल, दर दहा सेकंदांनी थांबणारा, वगैरे नेहमीचे आपले विनोद. त्यात २०१० साली वॉल स्ट्रीट जर्नलने व्यावसायिक सामने घड्याळ लावून मोजले. तीन तासांहून जास्त चालणाऱ्या प्रक्षेपणात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण ११ मिनिटं! हा आकडा मी किती जणांना किती वेळा ऐकवला असेल याची गणतीच नाही. मग आमच्या चिरंजीवांनी नववीत असताना शाळेच्या संघात नाव दिलं आणि दर शुक्रवारी रात्री थंडीत कुडकुडत फळीवर बसणं नशिबी आलं. आता तीन वर्षांनी मी तोच आकडा सांगतो, पण उलट्या बाजूने. ११ मिनिटं धावाधाव असते हे खरं. पण खेळ चालू असतो तो उरलेल्या वेळात.

म्हणजे कसं, ते सांगतो.

प्रत्येक डाव सुरू होतो तो स्नॅपने. मधला गडी, सेंटर, वाकून जमिनीवरचा चेंडू पायांमधून मागे क्वार्टरबॅकला देतो, तो स्नॅप. त्यानंतर पाच-सात सेकंद नुसती दंगल. त्याआधी ज्या रचनेत आक्रमण करणारे ११ जण उभे राहतात ते फॉर्मेशन. आता गंमत बघा. डाव काय आहे हे ऑफेन्सला माहीत असतं, चेंडू कधी हलणार हेही त्यांनाच माहीत असतं. डिफेन्सला यातलं काहीच माहीत नसतं. पण नियम करणाऱ्यांनी एक सोय ठेवली आहे. जागा घेतल्यावर ऑफेन्सच्या सगळ्या ११ जणांना किमान एक सेकंद पुतळ्यासारखं उभं राहावं लागतं. त्यानंतरही फक्त एकालाच चालायची मुभा, तीही आडवं किंवा मागे, पुढे नाही. डिफेन्सला असलं बंधन नाही. ते चेंडू हलेपर्यंत हवे तसे फिरू शकतात, ओरडू शकतात, एकमेकांना ढकलून जागा बदलू शकतात.

म्हणजे ज्याला सगळं माहीत आहे त्याने गप्प उभं राहायचं, आणि ज्याला काहीच माहीत नाही त्याने त्या उभं राहण्यावरून ओळखायचं. मला ही न्यायाची वाटणी फार आवडते.

आमचे चिरंजीव लाइनबॅकर आहेत, म्हणजे डिफेन्सच्या दुसऱ्या फळीत. मला हे सगळं त्याने डायनिंग टेबलवर शिकवलं. ११ शेंगदाणे ऑफेन्स, ११ काजू डिफेन्स. (काजू महाग, म्हणून आपली बाजू.) आधी मधले पाच शेंगदाणे बाजूला काढायचे. सेंटर, त्याच्या दोन बाजूंचे गार्ड, त्यांच्या पलीकडचे टॅकल. हे पाच जण साधारणपणे पास झेलू शकत नाहीत. उरला क्वार्टरबॅक आणि आणखी पाच. सगळं रहस्य त्या पाचांत. त्यातले रनिंग बॅक किती आणि टाइट एंड किती हे आधी मोजायचं. या मोजणीला दोन आकडी नाव असतं, पहिला आकडा रनिंग बॅकचा, दुसरा टाइट एंडचा. एक आणि एक असला की ११, एक आणि दोन असले की १२. टाइट एंड म्हणजे अर्धा पहिलवान, अर्धा झेल घेणारा. तो जितका जास्त तितकी चेंडू घेऊन घुसायची शक्यता जास्त. हे सगळं गडी हडलमधून बाहेर पडून जागेवर येईपर्यंत मोजून झालं पाहिजे.

मग ते उभे कुठे आहेत ते बघायचं. तीन रिसीव्हर एका बाजूला आणि एक दुसरीकडे, हे ट्रिप्स. दोन-दोन असले तर वेगळं. बाहेरचा रिसीव्हर नेहमीपेक्षा आत, लाइनला चिकटून उभा राहिला तर त्याला दोन कारणं असू शकतात. एक तर त्याला बाहेरच्या बाजूला पळायला जागा हवी आहे, किंवा त्याला आतल्या कोणाला तरी आडवं यायचं आहे. रनिंग बॅक किती मागे उभा आहे, कोणत्या बाजूला आहे. गार्डचा हात जमिनीवर टेकलेला असतो, त्याची बोटं वजनाने पांढरी पडली असतील तर तो पुढे मुसंडी मारणार, हात नुसता टेकवल्यासारखा असेल तर मागे सरकून क्वार्टरबॅकला वाचवणार. म्हणजे पास. आता हे १५-२० फुटांवरून, डोळ्यांत दिव्यांचा झोत, कानात बँडचा गोंगाट, अशात बघायचं! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, थापा मारू नकोस. तेव्हापासून मी चेंडू बघायचा सोडून गार्डचे हात बघतो. फळीवरून बोटं दिसत नाहीत, पण ढुंगण किती वर आहे ते दिसतं, आणि त्यावरूनही बरंच कळतं. शेजारी बसलेल्या बायकोला हे सांगितल्यापासून ती दोन फळ्या सोडून बसते.

शिवाय हे दुहेरी असतं. तो एक जण आडवा चालत जातो, ज्याला मोशन म्हणतात, तो उगाच जात नाही. त्याच्यामागे डिफेन्सचा माणूस पळत गेला तर क्वार्टरबॅकला कळतं की माणसाला माणूस लावला आहे. कोणी हललं नाही तर बहुतेक प्रत्येक जण आपापला इलाखा राखतोय. म्हणून डिफेन्सही खोटं बोलतो. मागे दोन सेफ्टी खोल उभे दिसतात आणि स्नॅपच्या क्षणी त्यातला एक धावत खाली येतो. दोन्ही बाजू एकमेकांची पत्रं चोरून वाचतायत आणि मुद्दाम खोटी पत्रं टाकतायत, असला प्रकार.

तर एवढं सगळं शिकलेला पोरगा. आणि आता तो शुक्रवार.

बाद फेरीचा पहिला सामना. चौथ्या क्वार्टरची शेवटची चार मिनिटं, आपण २०-१७ पुढे. समोरच्यांचा तिसरा डाउन, चार यार्ड हवेत (चार प्रयत्नांत दहा यार्ड, आत्या, तो हिशोब), आणि ते आपल्या १८ यार्डांच्या रेषेवर. त्यांनी उजवीकडे ट्रिप्स लावले. आपल्या सगळ्या डिफेन्सचं लक्ष तिकडे. डावीकडचा एकटा रिसीव्हर मात्र नेहमीच्या जागेपेक्षा सहा-सात यार्ड आत सरकून उभा राहिला, आणि रनिंग बॅक नेहमीपेक्षा खोल. हेच चित्र त्यांनी पहिल्या अर्ध्यात दोनदा दाखवलं होतं. दोन्ही वेळा त्या रिसीव्हरने आत येऊन लाइनबॅकरला आडवं केलं होतं आणि चेंडू त्याच्या बाहेरून पळवला होता. यावर उपाय आहे आणि तो सरावात घोटूनही घेतला जातो. ज्याला दिसेल त्याने "क्रॅक! क्रॅक!" ओरडायचं. बाहेरचा कॉर्नरबॅक मग आपल्या रिसीव्हरला सोडतो आणि बाहेरची बाजू बंद करतो.

मला हे सगळं त्या वेळी दिसलं असं मी म्हणणार नाही. मला नुसतं एवढंच दिसलं की माझ्या मुलाचा उजवा हात अर्धा वर गेला आणि खाली आला. मग त्याने मान वळवून बाजूच्या रेषेकडे, कोचकडे, बघितलं. तिथून आकड्याची खूण आली. सगळ्यांनी मनगटावरच्या पट्टीवर तो आकडा शोधला. पट्टी म्हणत होती, लाइनबॅकरने आत घुसायचं. तो आत घुसला. रिसीव्हरने त्याला बाजूने आडवा केला, चेंडू बाहेरून गेला, टचडाउन. २४-२०. त्यानंतर आपल्याला काही जमलं नाही.

गाडीत तो वीस मिनिटं काही बोलला नाही. आमच्या घराच्या वळणावर म्हणाला, "बाबा, मला दिसलं होतं."

मी म्हटलं, मग ओरडला का नाहीस? तर म्हणाला, "कॉल वेगळा आला होता ना."

आत्या, त्याला वाईट वाटलं ते हरल्याचं नाही.

आता माझं मत. ते कदाचित चुकीचं असेल, पण ब्लॉग माझा आहे. शाळेच्या पातळीवर हल्ली हा खेळ फार बाजूच्या रेषेवरून खेळला जातो. अनेक संघांचा ऑफेन्स जागा घेतो, क्वार्टरबॅक एक खोटी आरोळी ठोकतो, आणि मग ११च्या ११ जण मान वळवून आपल्या कोचकडे बघतात. कोच समोरचा डिफेन्स बघून डाव बदलतो. ते बदलताना बघून आमच्या बाजूचेही मान वळवतात. त्या क्षणी मैदानावर २२ मुलं असतात आणि त्यातला एकही समोरच्याकडे बघत नसतो! समोर पुतळ्यासारखं उभं राहण्याची सक्ती करून नियमाने जो मौल्यवान एक सेकंद डिफेन्सला दिला आहे, तो आपण पट्टीवरचा आकडा शोधण्यात घालवायचा?

व्यावसायिक लीगचा, एनएफएलचा, नियम बघा. १९९४पासून तिथे क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो, २००८पासून डिफेन्सच्याही एका खेळाडूला मिळाला. हिरवा ठिपका असतो त्या हेल्मेटवर. २०२४पासून कॉलेजच्या वरच्या विभागातही परवानगी आली. पण दोन्हीकडे घड्याळात १५ सेकंद उरले की रेडिओ बंद पडतो. कोट्यवधी डॉलरचा धंदा, वर काचेच्या खोल्यांत दुर्बिणी घेऊन बसलेले सहाय्यक, आणि तरी त्यांनी ठरवलं की शेवटचे १५ सेकंद आवाज बंद. उरलेलं ज्याचं त्याने बघावं. आणि आम्ही १६ वर्षांच्या मुलांना शेवटच्या सेकंदापर्यंत बाजूला बघायला लावतो.

कोचची बाजूही मला कळते. (तो माणूस वाईट नाही. उन्हाळाभर घरचं सोडून मुलांच्या मागे असतो.) त्याचं म्हणणं असं की ११ जणांनी ११ गोष्टी वाचल्या तर डिफेन्स राहत नाही, बाजार होतो. सगळ्यांनी मिळून एक चुकीची गोष्ट केली तरी ती निम्म्याने बरोबर ठरते. एकाने एकट्याने बरोबर केलं तर त्याच्या मागे भोक पडतं. यात तथ्य आहे. आमच्याच चिरंजीवांनी सप्टेंबरमध्ये छातीठोकपणे "पास! पास!" म्हणून ओरडून अख्खा डिफेन्स मागे नेला होता, आणि रनिंग बॅक मधून आरामात १५ यार्ड गेला होता, बागेत फिरायला गेल्यासारखा. फॉर्मेशन खोटं बोलतं हे वर मीच लिहिलंय. आणि एकच फॉर्मेशन लावून त्यातून सहा वेगळे डाव काढणं हीच तर आजच्या ऑफेन्सची खासियत.

पण चुकल्याशिवाय हे वाचता येत नाही, हेही तेवढंच खरं. इथे मला १ फेब्रुवारी २०१५च्या सुपर बोलची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८, सिएटल सीहॉक्स २४. सिएटल एक यार्डावर, घड्याळात २६ सेकंद. एक पाऊल टाकलं की जिंकले. त्यांनी उजवीकडे दोन रिसीव्हर एकामागे एक उभे केले. न्यू इंग्लंडचा माल्कम बटलर हा ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेला, पहिल्याच वर्षाचा कॉर्नरबॅक. त्याला ते एकामागे एक उभं राहणं ओळखीचं वाटलं, कारण त्याच आठवड्यात सरावात याच डावावर तो फसला होता आणि त्याबद्दल त्याला ऐकूनही घ्यावं लागलं होतं. पुढच्या रिसीव्हरला ब्रँडन ब्राउनरने जागेवरच थोपवलं. बटलर मागच्याची वाट न बघता चेंडू जिथे येणार तिथे धावला आणि तो त्याने झेलला. सामना संपला. ती त्याच्या व्यावसायिक कारकिर्दीतली पहिली इंटरसेप्शन.

लोक या डावाबद्दल बोलतात तेव्हा सिएटलने चेंडू घेऊन घुसायचं सोडून पास का टाकला यावरच दहा वर्षं भांडतायत. मला त्यात रस नाही. मला रस आहे तो सरावात फसलेल्या दिवसात. त्या दिवशी त्याच्या मनगटावर आकडा आला असता आणि त्याने तेवढंच केलं असतं, तर फसलाही नसता आणि शिकलाही नसता. बरं, कोचचं श्रेयही आहेच. तो डाव सरावात घेतला कोणी? तीन कॉर्नरबॅक मैदानात पाठवले कोणी? पण कोचचं काम तिथे संपलं होतं. त्या २६ सेकंदांना बटलर बाजूच्या रेषेकडे बघत नव्हता.

आत्याच्या पहिल्या प्रश्नालाही बगल देत नाही. डोकी फुटतात. ल्यूक कीकली नावाचा कॅरोलायना पँथर्सचा लाइनबॅकर होता. समोरच्यांचा डाव स्नॅपआधी ओळखून मोठ्याने ओरडण्याबद्दल त्याची ख्याती होती, २०१३चा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू. आमच्या घरात त्याचे व्हिडिओ भक्तिभावाने बघितले जातात. तो जानेवारी २०२०मध्ये, वयाच्या २८व्या वर्षी निवृत्त झाला. त्याआधी डोक्याच्या दुखापतींनी त्याला अनेक सामने बाहेर बसवलं होतं. इतकं वाचता येणाऱ्या माणसालाही ते चुकवता आलं नाही. तेव्हा "बघून खेळतो म्हणजे सुरक्षित आहे" असलं काही मी आत्याला सांगणार नाही, आणि दर शुक्रवारी पोटात गोळा येतो तो येतोच. पुढच्या वर्षी खेळू द्यायचं की नाही यावर आमच्या घरात अजून बोलणं व्हायचं आहे. बायकोचं मत मला माहीत आहे. ते आत्याच्या बाजूचं आहे.

पण त्या गाडीतल्या वाक्याने मला दुसऱ्याच कारणाने झोप लागू दिली नाही. "कॉल वेगळा आला होता ना." हे तो कोचकडून शिकला असं म्हणणं सोपं आहे. हा मुलगा सहा वर्षांचा असताना पाहुण्यांसमोर मध्ये बोलला म्हणून त्याला गप्प कोणी केलं? मीच. मोठे सांगतायत ना, मग तसंच करायचं, हे वाक्य आमच्या घरात किती वेळा झालं असेल. मलाही ते असंच मिळालं होतं. बाबांचा दरारा आत्याला चांगला माहीत आहे, तिच्या भावाबद्दल तिला मी काय सांगणार! ऑफिसात मीटिंगमध्ये समोरचा आराखडा चुकतोय हे दिसत असताना माझाही हात असाच अर्धा वर जाऊन खाली आलेला आहे. एकदा नाही. त्यामुळे फळीवरून ते बघताना मला फुटबॉलमधलं काही कळण्याची गरजच नव्हती. तो हात मी ओळखला.

दुसऱ्या दिवशी कोचला मोठी मेल लिहायला घेतली. मुद्देसूद. पुढच्या हंगामात निदान एका परिस्थितीत, एकटा रिसीव्हर आत सरकलेला दिसला की, लाइनबॅकरला खूण बदलायचा अधिकार असावा. चुकला तर सरावात बोलावं, पण बोलू द्यावं. चांगली जमली होती. १५ सेकंदांचा मुद्दाही घातला होता. चिरंजीव मागे येऊन उभे राहिले, संपूर्ण वाचली, आणि म्हणाले, "बाबा, तू पाठवू नकोस. मी बोलतो त्यांच्याशी."

म्हटलं, कधी?

"बघतो."

याला तीन आठवडे झाले. अजून बोललेला नाही. हिवाळी व्यायाम सुरू झालाय, कोच रोज समोर असतो. मी विचारत नाही. मेल ड्राफ्टमध्ये आहे, आणि डायनिंग टेबलवरचे काजू कोणीतरी खाऊन टाकलेत.